‘पंपिंग’ किती टक्के? : हृदयाच्या मापाचा हिशेब

हृदयाच्या सोनोग्राफीचा अहवाल घरी आला की घरातील मंडळी त्यात एकच आकडा शोधतात. ‘पंपिंग किती?’ हा प्रश्न फोनवरून सासरी-माहेरी, दुकानात, शेजारी सर्वत्र विचारला जातो. उत्तर साठ आले तर सुटकेचा निःश्वास टाकला जातो आणि चाळीस आले तर घरावर मळभ येते. हा आकडा कोणत्या मापाने काढला, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. जी मंडळी दुकानात काटा रोज तपासून घेतात, तीच येथे काट्याविषयी एक शब्दही काढत नाहीत, हे थोडे नवलाचेच आहे.

वैद्यकीय भाषेत या आकड्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. व्यापारी कुटुंबाला तो समजण्यास मुळीच अवघड नाही. हृदयाची डावी जवनिका हे जणू गोदाम. ते पूर्ण भरले असता त्यात समजा १२० मिलिलिटर रक्त मावते. ही आरंभीची शिल्लक. हृदय आकुंचन पावले की ७२ मिलिलिटर बाहेर जाते आणि ४८ मागे उरते. ७२ ला १२० ने भागले की ६० टक्के येतात. मिनिटाला ७० ठोके धरले तर पाच लिटरांच्या आसपास रक्त शरीराला मिळते.

आता दुसरे हृदय पाहू. एखादा झटका येऊन गेल्यामुळे ते सैल पडले आणि पसरले आहे. पूर्ण भरल्यावर त्यात २४० मिलिलिटर मावतात, त्यांतून तेच ७२ बाहेर पडतात आणि १६८ आत तुंबून राहतात. विक्री पहिल्याइतकीच, पण गोदाम दुप्पट आणि पडून राहिलेला माल साडेतीन पट. टक्केवारी ३०. हा रोगी शांत बसला असता ठीक दिसेल; जिना चढताना त्याला धाप लागेल. म्हणून नुसत्या टक्केवारीपेक्षा तिच्यामागची दोन आकारमाने, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या होत आलेल्या कप्प्याची घनफळे, अधिक बोलकी असतात. अहवालात ती लहान अक्षरांत छापलेली असतात आणि बहुधा कोणी वाचत नाही.

टक्केवारी फसवते त्याचा आणखी एक प्रकार व्यापाऱ्यांना चटकन पटेल. माइट्रल झडप गळत असेल तर जवनिकेतून बाहेर पडलेल्या रक्ताचा काही भाग पुढे महारोहिणीत न जाता मागे कर्णिकेत परततो. समजा भरलेल्या १६० मिलिलिटरांपैकी १०४ बाहेर फेकले गेले. टक्केवारी ६५ म्हणजे उत्तमच दिसते. पण त्यांतले ४० मागे आले असतील तर शरीराला मिळाले ६४. परत आलेला माल विक्रीतून वजा न करता उलाढाल फुगवून दाखवावी, तसाच हा प्रकार. म्हणूनच मूळ झडपेच्या अशा गळतीत ‘पंपिंग’ ६० टक्क्यांवर किंवा त्याखाली आले की, रोग्याला विशेष त्रास नसला तरी, हृदयतज्ज्ञ शस्त्रक्रियेचा विचार सुरू करतात. एरवी आनंदाने मिरवला जाणारा साठचा आकडा येथे धोक्याची सूचना ठरतो.

हे मोजमाप होते कसे? ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची सुरुवात स्वीडनमधील लुंड येथे १९५३ मध्ये झाली. इंगे एड्लर हे वैद्य आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ. कंपनसंख्येचे एकक ज्या हाइनरिश हर्ट्झ यांच्या नावाने ओळखले जाते, त्यांच्याच घराण्यातले हे हेल्मुट. जहाजबांधणीच्या कारखान्यात पोलादातील दोष शोधण्यासाठी वापरले जाणारे उपकरण त्यांनी माणसाच्या छातीवर ठेवून पाहिले. पडद्यावर दिसत होती ती केवळ एका रेषेवरची हालचाल. पुढे त्या रेषेची पट्टी झाली, पट्टीचे चित्र झाले आणि आपल्याकडे गावोगावी ‘टू-डी इको’ हा शब्द रूढ झाला. टू-डी म्हणजे द्विमितीय. नावातच त्याची मर्यादा सांगितलेली आहे, पण तिकडे लक्ष जात नाही.

हृदयाचा कप्पा ही लांबी, रुंदी आणि खोली असलेली वस्तू. तिचे घनफळ सपाट चित्रावरून काढावयाचे तर काहीतरी गृहीत धरणे भाग पडते. जुन्या पद्धतीत कप्प्याचा एकच व्यास घेऊन त्याचा घन करीत. ५ सेंटिमीटर व्यासाचे १२५ मिलिलिटर. पण मोजणाऱ्याची रेघ अडीच मिलिमीटर चुकली आणि ५.२५ धरली गेली, तर उत्तर १४५ च्या जवळ जाते. व्यासात पाच टक्क्यांची चूक झाली की घनफळात सोळा टक्क्यांची होते. सराफाच्या काट्यावर असे कोणी खपवून घेणार नाही.

त्यानंतरची आणि आज सर्वत्र वापरात असलेली पद्धत बरीच शहाणपणाची आहे. अठराव्या शतकातील इंग्रज गणिती टॉमस सिम्प्सन यांच्या नावाने ती ओळखली जाते. हृदयाच्या शेंड्याकडून दोन वेगवेगळ्या दिशांनी चित्रे घ्यावयाची, कप्प्याची आतील कड रेखावयाची, मग तो कप्पा काकडीच्या चकत्यांप्रमाणे वीस चकत्यांत कापला असे समजून प्रत्येक चकतीचे घनफळ काढावयाचे आणि बेरीज करावयाची. हिशेब चोख आहे. अडचण आहे ती दोन दिशांच्या दरम्यानचा भाग अंदाजाने भरण्यात.

सांगलीजवळ हरिपूरची हळदीची पेवे पूर्वी प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांतील बरीच निकामी झाली. जमिनीखालच्या अशा पेवाचे तोंड अरुंद आणि पोट मोठे. काठी सोडून खोली कळते, दोन बाजूंची रुंदीही कळेल. पण एखाद्या कडेची माती ढासळून पोट एका अंगाला वाढले असेल तर काठीला ते कसे समजणार? झटका येऊन गेलेल्या हृदयाची हीच अवस्था असते. भिंतीचा एक भाग पातळ होऊन बाहेर फुगतो, दुसरा भाग धडधाकट असतो. चित्राच्या दोन दिशा त्या फुगवट्याला चुकवून गेल्या तर आकडा खोटा चांगला येतो. नेमक्या त्यातूनच गेल्या तर खोटा वाईट. दोन्ही वेळा तपासणाऱ्याचा हेतू आणि हात स्वच्छ असतात.

विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील गलाई व्यवसायातील कुटुंबे देशभरच्या सराफ पेठांत सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. लगडीच्या एका कोपऱ्याचा नमुना काढून साऱ्या लगडीचा कस सांगावयाचा तर ती आत सर्वत्र सारखी असली पाहिजे, हे त्यांना शिकवावे लागत नाही. म्हणून नमुना काढण्यापूर्वी धातू पूर्ण वितळवून ढवळतात. हृदय ढवळता येत नाही. निरोगी हृदयात ‘सर्वत्र सारखे’ हे गृहीतक बऱ्यापैकी चालते. आजारी हृदयात, म्हणजे मोजण्याची खरी गरज असते तेथेच, ते मोडते.

आणखी एक चूक नेहमी घडते. अंडे उभे बरोबर मधोमध न कापता थोडे तिरके कापले तर टोक निसटते आणि काप आखूड दिसतो. तपासणीची मूठ छातीवर हृदयाच्या खऱ्या शेंड्यापासून थोडी सरकली तर कप्पाही असाच आखूड दिसतो आणि घनफळ कमी भरते.

त्रिमितीय इको या सर्व गृहीतकांना फाटा देते. मूठ एका जागी ठेवून कप्प्याचा संपूर्ण घन एकदम टिपावयाचा, त्यातील आतील कड सर्व बाजूंनी रेखावयाची आणि आत किती मावते ते थेट मोजावयाचे. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे १९७४ मध्येच तसा प्रयोग झाला होता. मग ती रुग्णालयात यायला इतका काळ का लागला? याचे उत्तर ध्वनीच्या वेगात आहे. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो. पंधरा सेंटिमीटर खोल जाऊन परत येण्यास त्याला एका सेकंदाचा सुमारे पाच हजारावा भाग लागतो. म्हणजे सेकंदात पाच हजार रेषा, त्याहून अधिक नाहीत. सपाट चित्राला शंभर रेषा पुरतात, तेव्हा सेकंदाला पन्नास चित्रे मिळतात आणि हृदयाची हालचाल सुरेख दिसते. पण घन टिपावयाचा तर शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार रेषा लागतात. एका घनाला दोन सेकंद. तेवढ्यात हृदयाचे दोन ठोके पडून जातात. पैसा ओतून ध्वनीचा वेग वाढत नाही.

यावर दोन तोडगे निघाले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ओलाफ फॉन राम आणि स्टीफन स्मिथ यांनी १९९० च्या सुमारास, एकदा ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी एकाच वेळी अनेक रेषांवर ऐकण्याची रीत प्रत्यक्षात आणली. पुढे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुठीतच सुमारे तीन हजार सूक्ष्म स्फटिक बुद्धिबळाच्या पटासारखे मांडलेली साधने बाजारात आली. साध्या मुठीत ते एका ओळीत शंभराच्या आसपास असतात. दुसरा तोडगा शिंप्याचा. चार ते सहा ठोक्यांत घनाचा एकेक तुकडा टिपावयाचा आणि ईसीजीच्या आधारे ते तुकडे शिवून एक अखंड घन तयार करावयाचा. त्यासाठी रोग्याने काही सेकंद श्वास रोखला पाहिजे आणि ठोके नियमित पडले पाहिजेत. ठोके अनियमित असले की शिवण उसवते आणि चित्रात पायरी दिसते. धाप लागलेल्या, स्थूल किंवा छातीत हवा धरून राहिलेल्या रोग्यात चित्रच नीट उमटत नाही. अशा वेळी तपासणाऱ्याने प्रामाणिकपणे ‘त्रिमितीय मोजमाप शक्य झाले नाही’ असे लिहिणे, हेच योग्य.

या सूक्ष्मतेने प्रत्यक्ष आयुष्यात काय बदलते? कर्करोगाच्या उपचाराइतके याचे स्पष्ट उत्तर दुसरीकडे सापडणार नाही. स्तनाच्या कर्करोगावरील काही प्रभावी औषधे, विशेषतः अँथ्रासायक्लिन वर्गातील औषधे आणि ट्रास्टुझुमॅब, काही रोग्यांच्या हृदयाचा जोर कमी करतात. म्हणून उपचार चालू असताना ठरावीक काळाने इको करतात. इजेक्शन फ्रॅक्शन दहा टक्क्यांहून अधिक उतरून ५३ च्या खाली गेले तर हृदयाला इजा झाल्याचे मानावे, असा २०१४ मधील अमेरिकी आणि युरोपीय तज्ज्ञसंस्थांचा संकेत आहे. आता अडचण पाहा. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमधील एका अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, हृदय स्थिर असलेल्या कर्करुग्णांची वर्षभरात पुनःपुन्हा तपासणी केली. द्विमितीय पद्धतीत आकडा केवळ मोजमापाच्या हेलकाव्यामुळे दहा किंवा त्याहून अधिक टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकत होता. त्रिमितीय पद्धतीत तो सहाच्या आसपास राहिला.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ज्या दहा टक्क्यांच्या घसरणीवर जीव वाचवणारे औषध थांबवावयाचे, तेवढी चूक मोजणाऱ्या काट्यातच असू शकते. एखाद्या भगिनीचे ६२ वरून ५१ आले म्हणून औषध थांबले आणि हृदय मुळात ठीकच होते, तर कर्करोगाला मोकळे रान मिळते. याच्या उलट, हृदय खरोखरच खचत असताना काट्याने ते लपवले, तर कर्करोगातून वाचलेली ती भगिनी पुढे हृदयविकाराने पंगू होते. दोन्ही बाजूंना जीवच आहे. अशा रोग्यासाठी मोठ्या शहरापर्यंतचा प्रवास आणि वाढीव खर्च योग्य आहे, याविषयी शंका नसावी. आपल्या घरांत आजीचे किंवा सुनेचे दुखणे ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणून लांबवण्याची सवय आहे. येथे ती महागात पडते.

पुरुष मंडळींचे उदाहरण घ्यावयाचे तर, समजा आटपाडीतील डाळिंबाच्या एखाद्या अडत्याला झटका येऊन गेला आहे. गावी बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांकडे केलेल्या टू-डी इकोत आकडा ४५ निघाला आणि सहा महिन्यांनी सांगलीस ३८. आजच्या वर्गवारीत ४० किंवा त्याखाली हा एक गट, ४१ ते ४९ हा दुसरा. अडत्याची रवानगी एका गटातून दुसऱ्या गटात झाली. घरात लगेच दुकान मुलाच्या नावे करण्याच्या गोष्टी निघतात. वस्तुतः दोन यंत्रे, दोन हात आणि नजरेने केलेला अंदाज एवढ्यानेच पाच ते दहा टक्क्यांचा फरक पडू शकतो. हृदय खालावले असेल किंवा नसेलही. आकडा ३५ च्या जवळ आला तर प्रश्न अधिक गंभीर होतो. कारण पुरेसे औषधोपचार करूनही तो ३५ किंवा त्याखाली राहिला तर अकस्मात मृत्यू टाळण्यासाठी छातीत बसवावयाच्या, विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा सल्ला अनेक रोग्यांना दिला जातो. ते यंत्र खर्चिक असते आणि जन्मभर सांभाळावे लागते. अशा सीमारेषेवर उभ्या असलेल्या माणसाचे माप एकदा नीट घेतलेले बरे.

उजव्या जवनिकेची कथा वेगळी आहे. ती डावीला चंद्रकोरीसारखी बिलगून असते. तिला अंड्याचेही सूत्र लागू पडत नाही आणि चकत्यांचेही. फुफ्फुसांचा जुनाट विकार किंवा जन्मजात छिद्र असलेल्या रोग्यात तिचीच प्रकृती महत्त्वाची असते आणि द्विमितीय इकोला तिचे घनफळ विश्वासाने सांगताच येत नाही. त्रिमितीय पद्धतीने ते प्रथमच इकोच्या आवाक्यात आले. तेथे ४५ टक्के आणि त्यापुढचा आकडा सर्वसाधारण मानतात. डावीचे मोजमाप डोक्यात ठेवून ४८ ला घाबरू नये.

तिसऱ्या मितीने एक जुना गैरसमजही दूर केला. माइट्रल झडपेचे कडे सपाट असते असे समजून सपाट चित्रावरून ‘झडप मागे सरकते’ असे निदान पूर्वी असंख्य धडधाकट माणसांना, विशेषतः तरुण मुलींना, चिकटवले गेले. बॉस्टनच्या रॉबर्ट लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्रिमितीय रचना करून दाखवले की ते कडे घोड्याच्या खोगिरासारखे वाकलेले आहे. एका बाजूने पाहिले तर निरोगी झडपही कड्याच्या मागे गेल्यासारखी दिसते. निकष बदलले आणि १९९९ मध्ये अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीत हा दोष शंभरात दोन-अडीच माणसांतच आढळला. लग्नाच्या बोलण्यांत अशा जुन्या कागदाने किती मुलींना मनस्ताप दिला असेल, कोण जाणे.

म्हणून सर्वांनी उठून त्रिमितीय इको करावी काय? मुळीच नाही. महाग ते चांगले, ही समजूत आपल्यात खोल रुजलेली आहे आणि तपासणी केंद्रांना ती ठाऊक असते. निरोगी माणसाच्या वार्षिक तपासणीत, रक्तदाबाच्या साध्या रोग्यात, चांगल्या हाताने केलेली द्विमितीय इको पुरेशी असते. हृदयाच्या घनफळाचे सर्वांत भरवशाचे माप एमआरआयचे समजले जाते आणि त्याच्याशी ताडून पाहता त्रिमितीय इकोही घनफळ थोडे कमीच सांगते, कारण कप्प्याची आतील भिंत गुळगुळीत नसून स्नायूंच्या जाळीची आहे आणि कड नेमकी कोठे धरावी याचा घोळ राहतोच. मात्र द्विमितीयाइतके कमी सांगत नाही. शिवाय शरीरात पाणी कमी असेल तर कप्पाही लहान भरतो. अठ्ठाईच्या दिवसांत किंवा पारण्याच्या दुसऱ्याच दिवशी केलेली मापे एरवीच्या मापांशी ताडू नयेत. उपवास असल्यास तपासणाऱ्यास तसे सांगावे.

अहवालात उंची, वजन, तपासणीच्या वेळचा रक्तदाब आणि ठोके नोंदलेले असावेत. किरकोळ बांध्याच्या स्त्रीला धिप्पाड पुरुषाचे माप लावता येत नाही. २०१५ मधील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार द्विमितीय पद्धतीत भरलेल्या डाव्या जवनिकेचे घनफळ पुरुषांत १५० मिलिलिटरपर्यंत आणि स्त्रियांत १०६ पर्यंत सर्वसाधारण मानतात. इजेक्शन फ्रॅक्शन पुरुषांत ५२ आणि स्त्रियांत ५४ पासून पुढे. टक्केवारी नजरेने काढली, चकत्यांच्या पद्धतीने की त्रिमितीय पद्धतीने, हे अहवालात लिहून मागणे हा रोग्याचा हक्क आहे. केवळ छापील कागद न घेता चित्रांची सीडी किंवा पेनड्राइव्ह घ्यावा. दुसऱ्या तज्ज्ञाला कड पुन्हा रेखून पाहता येते, कागदावरून काहीच करता येत नाही. पुढची तपासणी शक्यतो त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर व्हावी.

१९५६ च्या कायद्याने शेर-मण जाऊन किलो आला. त्या संक्रमणाच्या वर्षांत हुशार दुकानदार वहीत दोन्ही मापे लिहून ठेवीत, नाहीतर जुन्या गिऱ्हाइकाशी रोज वाद. द्विमितीयाकडून त्रिमितीयाकडे जाणाऱ्या रोग्याने नेमके हेच करावे. नव्या पद्धतीत घनफळ सहसा मोठे भरते. जुन्या अहवालातील ११० च्या जागी १३० आले म्हणजे हृदय पसरले असे नव्हे. पहिल्या खेपेस एकाच बैठकीत दोन्ही पद्धतींनी माप घेऊन दोन्ही आकडे त्याच कागदावर नोंदवून घ्यावेत आणि पुढच्या प्रत्येक वेळी त्रिमितीय आकडा त्रिमितीयाशीच ताडावा.